कुलपाआधीची हाक

प्रिय अनघा,

काथ्याच्या दोराला पीळ बसतानाची ती करकर आज सकाळपासून माझ्या कानात आहे. ट्रकच्या फळीवर पाय रोवून हमाल दोर ओढायचे, आणि कुणाचं तरी कपाट, गाद्यांच्या वळकट्या, शिलाई मशीन असा सगळा संसार एकमेकांना बिलगून गप्प बसायचा. पोलीस ॲक्शननंतर निजामाची उर्दू जाऊन आमच्या शाळेत मराठी कविता आल्या, तेव्हा सगळा वर्ग डोलत डोलत त्या म्हणायचा आणि खालची बाकं अशीच करकरायची. ट्रक आणि कविता माझ्या डोक्यात एकत्रच भरल्या गेल्या त्या अशा. तुझी आई म्हणायची, "तुम्ही सामानाच्या यादीलासुद्धा चाल लावाल."

बदली झालेल्या लोकांची घरं हलवून द्यायची, हे काम तू पुण्यात संगणकासमोर बसून करतेस. चिकलठाण्याच्या कारखान्यात असताना मी तेच करायचो, फक्त पायी हिंडून. कुणाची बदली झाली की ट्रक ठरवा, खोकी जमवा, काचसामानाला भाताचा पेंढा मिळवा. हमालांचा मुकादम होता चांदपाशा. त्याचा एक रिवाज होता. घर रिकामं झालं, ट्रक भरला, की तो चपला काढून उंबऱ्याशी उभा राही आणि घरच्यांकडूनच एकेकाला नाव घेऊन हाक मारवून घेई. ज्याचं नाव घेतलं त्यानं अंगणातून "आलो" म्हणायचं, मगच कुलूप. मी एकदा हसलो, तर म्हणाला, "हसू नको साब. सामान गिनते, आदमी कोई नै गिनता. आवाज आया तो ताला, नै तो नक्को."

आणि तो अजून एक विचारायचा, "और कोई?" म्हणजे त्या घरात जे कुणी वारलं असेल ते. म्हातारी माणसं लगेच नाव सांगत. एका साहेबांनी मात्र सांगितलं नाही. त्यांचा धाकटा, बबन, तापानं त्याच क्वार्टरमध्ये गेला होता. चांदपाशानं विचारलं तेव्हा बबनच्या आईनं तोंड उघडलं, पण साहेब म्हणाले, "पुरे झालं, गाडीला उशीर होतोय." कुलूप लागलं. मग तिथं नानासाहेब नावाचे फोरमन राहायला आले, आणि महिन्याच्या आतच त्यांची बायको चतुराबाई माझ्या टेबलासमोर उभी. म्हणाली, "भाऊ, आमाला दुसरं घर द्या. दोनच लेकरं हायेत मला. जेवायला हाक मारली की 'आलो' मात्र तिघंजण म्हणतेत."

मी भरदुपारी जाऊन बघितलं. तिनं पोरांना हाक मारली. दोन आवाज अंगणातून आले. तिसरा आतून आला, रिकाम्या खोलीतून, जरा दमलेला, जसं पोर हातातला खेळ टाकून उठतं. चांदपाशानंच मला बबनच्या आईंना निरोप धाडायला लावला. त्या एकट्या आल्या. आत गेल्याच नाहीत. उंबऱ्याशी उभं राहून म्हणाल्या, "बबन, चल रे बाळा, गाडी सुटेल." मग वळल्या आणि चालू लागल्या. डावा हात अंगापासून जरा लांब, बोटं अर्धवट मिटलेली, आणि चाल एकदम सावकाश, लहान पावलांना जमेल अशी. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. खिडकीशी त्यांनी एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट मागितलं. बाबूनं विचारलं, लेकरू कुठंय? त्या खाली बघून म्हणाल्या, "हा काय." बाबूनं वाकून बघितलं आणि निमूट दोन्ही तिकिटं दिली. चतुराबाईंकडे पुन्हा कधी तिसरा आवाज आला नाही.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तू घाबरली असतीस. आता सांगायची वेळ आली आहे. मला तुझ्याकडे पुण्याला हलवायचं म्हणून परवा तुझ्या कंपनीचा माणूस आपलं सिडकोतलं घर बघून गेला. चांगला पोरगा. कपाटांवर चिठ्ठ्या डकवल्या आणि विचारलं, "काका, जाणारी माणसं किती?" मी म्हणालो, "दोघं." त्यानं भिंतीवरच्या तुझ्या आईच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं आणि कागदावर '१' लिहिलं.

तो गेल्यावर मी चपला काढून उंबऱ्याशी उभा राहिलो. हाक मारली, "आशा." घर गप्प. पुन्हा मारली. अनघा, मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. तुझ्या आईला मी जन्मभर "अगं" म्हटलं, "ऐकलंस का" म्हटलं. आणि आशा हे नाव तरी तिचं कुठलं? लग्नाच्या दिवशी माझ्या आईनं तांदळात बोटानं काढलेलं ते नाव. त्याआधी ती बिडकीनची वच्छला होती. मी तेही नाव घेऊन बघितलं. माझ्या तोंडून ते एखाद्या अनोळखी बाईचं वाटलं. कुण्या परक्यानं हाक मारली तर ती कशाला ओ देईल? त्या नावानं तिला बोलावणारं आता एकच माणूस उरलंय, तिची थोरली बहीण, तुझी सरूमावशी. आणि बिडकीनची माहेरची जमीन कारखान्यांना गेली तेव्हाच्या पैशांच्या भांडणानंतर तिनं आपला उंबरा ओलांडलेला नाही. तुझ्या आईच्या दहाव्यालाही आली नाही. तिला आता कुठल्या तोंडानं बोलावू?

म्हणून हे पत्र. फोनवर तू रडशील आणि मी हो म्हणून बसेन. उद्या तुझी माणसं आली की सामानाऐवजी हे पत्रच त्यांच्या हाती देणार आहे. मी येत नाही, बाळ. तिला इथं एकटी ठेवून मी कुलूप लावणार नाही. तू नाराज होऊ नकोस, गाडी परत बोलाव.

थांब, दार वाजतंय.

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे. दारात सरूमावशी उभी आहे. एकटी, हातात पिशवी, पायांवर बिडकीनची धूळ. क्रांती चौकातून रिक्षानं आली म्हणते. आपलं घर हलतंय हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही माहीत आहे. अजून आत आलेली नाही. धापा टाकत मलाच विचारतेय, "जावईबापू, कुठं निघालात तुमी दोघं? सकाळधरनं वच्छी माझ्या कानाशी लागलीय. आक्का, भेटून जा गं, आमी निघालो, म्हणतीय."

तुझाच,
अण्णा