डोळ्यांच्या परीक्षेत पहिला नंबर

ती. वन्संना भावजयीचा नमस्कार.

हे पत्र का लिहावं लागलं ते आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत तुमचा जीव टांगणीला राहायला नको. तुमचे बंधू डोळ्यांच्या तपासणीत पहिल्या नंबरानं पास झाले आणि त्यामुळे त्यांच्या डोळ्यांवर व्हायचे ते उपचार राहून गेले. आता ऑपरेशन ठरलं आहे, सगळी व्यवस्था झाली आहे, तुम्ही येण्याचं काहीएक कारण नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि ह्यांचे कान अजून शाबूत आहेत. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? मागच्या वेळी "धरते, धरते" म्हणालात, ते मला फारसं पटलं नव्हतं. तुमच्या घराण्यात दुखणं कबूल करायची पद्धत नाही, हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. आजचं पत्रही त्याच विषयावर आहे. (ह्या पत्रात जिथे ते चुकले तिथे मी "तुमचे बंधू" लिहीन आणि जिथे बरोबर वागले तिथे "हे". कोणता शब्द जास्त वेळा येतो ते मोजण्याची गरज नाही.)

सुरुवात हिवाळ्यात झाली. तुमचे बंधू चहा कपाशेजारी ओतू लागले. मी बोलले तर म्हणाले, हल्लीच्या किटल्यांच्या चोची वाकड्या येतात. मग वर्तमानपत्राची शाई फिकी झाली, तशी तक्रार त्यांनी संपादकांना कळवली. संपादकांचं उत्तर आलं की शाई तीच आहे. तर उत्तराचीही शाई फिकीच, हा पुरावा म्हणून त्यांनी ते मलाच दाखवलं. मग घरातले दिवे मंद झाले. त्यांनी सगळे दिवे बदलून असे प्रखर आणले, की आमच्या स्वयंपाकघरात आता कुणाचंही पोट फाडून शिवता येईल. एवढा उजेड करूनही एका सकाळी जिन्यात टांगलेल्या रेनकोटला ते म्हणाले, "काय, आज लवकर निघालात?" रेनकोटानं उत्तर दिलं नाही, म्हणून दिवसभर त्यांचा वरच्या मजल्यावरच्या टेलरवर राग. त्याच दिवशी मी डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर तरुण आहेत, हुशार आहेत, पण ते परमुलखातले. त्यांना आपली भाषा येत नाही, सगळा कारभार इंग्रजीत. पूर्वी त्यांच्याकडे एक बाई दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवत असत. त्या नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी फुलदाणी ठेवली आहे. डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतं? तुमचे बंधू म्हणाले, "गुड, सर." धूसर दिसतं का? "गुड, सर." दिव्याभोवती वलय दिसतं का? "व्हेरी गुड, सर." मी शेजारी बसले होते. माझ्या इंग्रजीच्या पदवीला इतकी वर्षं झाली की ती भिंतीवरच पिवळी पडली, पण आहे ती आहे. मी मधे बोलायला गेले तर डॉक्टर नम्रपणे म्हणाले की पेशंटला काय दिसतं ते पेशंटनंच सांगायला हवं, बायकोला फार तर तो कसा दिसतो ते सांगता येईल. हे बोलणं मला आवडलं नाही, पण त्यात खोट काढता येईना. पुढची तारीख घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि फाटकापाशीच मी ठरवलं की ह्या माणसाला शब्द शिकवायचे.

वन्सं, शिकवणी मी नीट घेतली, हे माझ्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. नुसते शब्द पाठ करून उपयोग नसतो, वस्तू दाखवावी लागते. चष्म्यावर चहाची वाफ धरली आणि सांगितलं, हे मिस्टी. न्हाणीघराची खरखरीत काच दाखवली, ट्रान्सल्यूसंट: उजेड येतो, माणूस ओळखू येत नाही. टेलरनं गच्चीवर नवी पत्र्याची टाकी बसवली आहे, तिच्यावर दुपारचं ऊन आलं की ग्लेअर. जिन्यातला दिवा सारखा उघडझाप करत होता. तो दुरुस्त करायला वायरमन आला, तेव्हा मी त्याला परत पाठवलं, कारण फ्लिकर हा धडा व्हायचा होता. (शेजाऱ्यांनी ह्यावरून जे म्हणायचं ते म्हटलं.) डिम म्हणजे मंद, फेंट म्हणजे पुसट, हेझी म्हणजे धुरकट, ओपेक म्हणजे आरपार काहीच नाही. चकाकी, लकाकी, लुकलुक, मिणमिण, प्रत्येकाला वेगळा शब्द आहे म्हटल्यावर ह्यांना इंग्रजांबद्दल जरा आदर वाटला. म्हणाले, "मला वाटायचं, त्यांच्याकडे सारखं धुकंच असतं." मी म्हटलं, धुकं असतं म्हणूनच शब्द आहेत. मधेच एकदा त्यांनी विचारलं, "आणि अजिबातच दिसत नाही, याला काय म्हणतात?" मी म्हटलं, तो शब्द आपल्याला लागायचा नाही, पुढचा घ्या. त्यांनी पुढचा घेतला.

आता तपासणीचा दिवस. इथे मला तुमच्याबद्दल लिहावं लागणार, रागावू नका. लहानपणी तुम्ही ह्यांचा अभ्यास घेत होतात. दोन नियम तुम्ही घालून दिलेत: एक, पाढा उलटा म्हणता आला तरच तो आला म्हणायचा. दुसरा, पेपरात कोरी जागा सोडायची नाही. येत नसलं तरी काहीतरी लिहायचं. ह्या दोन नियमांवर तुमचा छोटू हेडक्लार्क झाला, हे मान्य. पण तेच नियम घेऊन तो डोळे तपासायला जाईल, हे मला कुठून कळणार! बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. आतलं दार अर्धं उघडं. आत एकामागून एक पेशंट भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मोठ्यानं वाचत होते. तुमचे बंधू डोळे मिटून बसले होते, ओठ हलत होते. मला वाटलं, माझे शब्द घोकताहेत. मी कौतुकानं त्यांच्या खांद्यावरचा धागा काढला.

आत गेल्यावर डॉक्टरांनी डावा डोळा झाकून वाचायला सांगितलं. तुमचे बंधू वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून गेले. उजवा झाकला, पुन्हा तेच. डॉक्टरांनी यंत्रातून डोळ्यांत पाहिलं, मोतीबिंदू तर चांगला पिकलेला. त्यांना काही उमगेना. शंका येऊन म्हणाले, आता उलटं वाचा. उलटं! तुमच्या छोटूला! शेवटच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापासून वर चढत गेला तो. शिवाय तक्त्याच्या तळाशी बारीक छापलेलं छापखान्याचं नावही सांगितलं. (आमच्या आधी एक ट्रक ड्रायव्हर होता. आपली नजर दाखवायला त्यानं तेही वाचलं होतं.) डॉक्टरांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला, तक्त्यापर्यंत चालत गेले, वाकून छापखान्याचं नाव पाहिलं आणि शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना हा चमत्कार बघायला बोलावलं. मग त्यांनी विचारलं, एवढं सगळं वाचताय, तर त्रास काय होतो? झालं. तुमचे बंधू उभे राहिले. मिस्टी, हेझी, ब्लर्ड, डिम, फेंट, ग्लेअर, फ्लिकर, एकूण एक शब्द, आणि मागोमाग विरुद्धार्थी. डॉक्टर म्हणाले, ह्यातलं तुम्हाला नक्की काय होतं? तर म्हणाले, "ऑल, सर." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, ह्यांचं इंग्रजी फार सुरेख आहे, ऑपरेशनची घाई दिसत नाही, वर्षानं या. आणि वन्सं, मी काय केलं असेल? मी "थँक यू" म्हटलं.

पास झाल्याची बातमी तुमच्या बंधूंनी गल्लीभर केली. नातीला शाळेतून आणायचं काम सूनबाईनं मध्यंतरी स्वतःकडे घेतलं होतं, तेही त्यांनी परत मागून घेतलं. म्हणाले, "डॉक्टरनं सांगितलंय. तुम्ही काय डॉक्टरपेक्षा शहाण्या?" सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, जाऊ दे त्यांना. एका दुपारी ते आले, शाळेच्या गणवेशातल्या मुलीचा हात धरून, तिला ग्लिमर आणि शिमर, म्हणजे मिणमिण आणि लकाकी, यांतला फरक समजावत. मुलगी आत आली, बूट काढले, खोली नीट पाहिली आणि म्हणाली, "आजी, तुमचं घर छान आहे, पण मी इथे राहत नाही." मी म्हटलं, अगं, मग रस्त्यात का नाही बोललीस? तर म्हणाली, "आजोबा शिकवत होते. शिकवताना मधे बोलायचं नसतं." मुलगी संस्कारी होती, दुसरं काय!

आमची नात शाळेच्या फाटकाशी उभी होती. आजोबा समोरून आले, तिनं हाक मारायच्या आत दुसरीचाच हात धरून निघून गेले. ती रडली नाही. पहारेकऱ्यानं तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. त्या मुलीला परत करायला आम्ही गेलो तेव्हा तिची आई फाटकात उभी होती. तिचं तोंड मात्र सुटलं. "काका, पोरगी म्हणजे काय छत्री वाटली? कोपऱ्यात दिसली ती उचलली?" तुमचे बंधू मान खाली घालून ऐकत होते. खरं तर ती बाई त्यांच्या उजवीकडे होती आणि ते डावीकडच्या खांबाला हात जोडून माफी मागत होते. तिला ते दिसलं आणि ती बोलता बोलता थांबली. मला म्हणाली, "मावशी, ह्यांना घरी न्या."

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, हातात दिलं, समोर ठेवलं नाही. मग विचारलं, खरं सांगा, काय दिसतं? त्यांनी एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. म्हणाले, "तू बोललीस की तू आहेस असं कळतं. तुझा चेहरा ह्या हिवाळ्यापासून दिसलेला नाही." मी म्हटलं, मग डॉक्टरांना का नाही सांगितलं? त्यांनी पेला चाचपत खाली ठेवला. मग म्हणाले, "बाबांची दृष्टी गेली तेव्हा अक्कानं त्यांचा हात धरला. त्यांना फिरवून आणायची, वाचून दाखवायची. तिला बघायला आलेली माणसं अशीच परत गेली. मला कुणी हात धरायला नको आहे." वन्सं, हे तुम्हाला लिहावं की नाही ह्याचा मी फार विचार केला. पण इतकी वर्षं तुम्हाला ह्या घरात कुणी काही विचारलं नाही, निदान सांगावं तरी.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. ह्या खेपेला मी स्वतः बोलायचं ठरवलं होतं. वाक्य मनात तयार होतं आणि तोंड उघडल्यावर एक शब्द सापडेना. नवऱ्याला बायकोचा चेहरा दिसत नाही, ह्याला हेझी म्हणायचं की डिम? मी हातानं स्वतःच्या तोंडासमोरून पडदा ओढल्यासारखं केलं. डॉक्टरांनी तक्ता उलटा करून ठेवला, ह्यांच्यासमोर बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. तुमच्या बंधूंनी मान माझ्या दिशेला वळवली. ती नजर मी ओळखते. वर्गात पर्यवेक्षक पाठीशी उभा असला की पोरं अशी बघतात. मी उठले, बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. आतून डॉक्टरांचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. मग ह्यांचा आवाज, आपल्या भाषेत, "नाही हो दिसत." डॉक्टरांना आपली भाषा येत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. त्यांनी परत विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, डावा नंतर. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला आहे, पण फार नाही. ह्यांनी एकाच अटीवर होकार दिला: दिसू लागेपर्यंत अक्काला कळता कामा नये. तसं मी कबूल केलं आहे. तेव्हा हे पत्र तुम्हाला मिळालेलं नाही असं समजा. औषधं आणून ठेवली आहेत, शाळेचं काम सूनबाईकडे गेलं आहे, मुलानं रजा टाकली आहे. मी अजिबात घाबरलेली नाही. तुम्ही गुडघा सांभाळा.

तुमची भावजय

ता. क. डॉक्टरांनी जाता जाता माझा एक उच्चार सुधारला. बरोबर कोणाचं आहे हे मी कोशात पाहिलं. त्यांचं आहे. हे कुणाला सांगू नका.

आणखी एक ता. क. मुलाला रजा मिळालेली नाही, वर लिहिलं ते मीच भरून टाकलं. कोरी जागा सोडायची नाही, हे तुमच्या घरात राहून मलाही लागलं आहे. वन्सं, त्या दवाखान्यातला बाक लांब आहे आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं की आतलं काही ऐकू येत नाही. मागच्या वेळी दाराबाहेर क्षणभरच उभी होते, तेव्हा भिंत धरावी लागली, आणि माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. दिसलं नाही तर मी ह्यांना काय सांगू? दिसलं तर पहिलं काय बोलू? तुम्ही ह्यांचा हात धरू नका, ते चालणार नाही. बाकावर माझ्या शेजारी बसा. तेवढंच. सहज आले म्हणा, टेलरला शिवण द्यायला आले म्हणा, तुम्हाला सुचेल ते.

शेवटचा ता. क. हे पत्र घेऊन येणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या टेलरांकडे पुढील वस्तू सोपवल्या आहेत, मोजून घ्याव्यात: पत्र, चिकटवलेलं; गाडीत पाठीला लावायची उशी; गुडघ्याचा पट्टा, नवा; इकडे येण्याचं तिकीट, तुमच्या नावाचं, खिडकीजवळचं. मिळाल्याची खूण म्हणून टेलरांना फक्त "बरं" म्हणा. दुसरा कुठला निरोप परत आणायचा नाही, असं त्यांना बजावलं आहे. जाण्याचं तिकीट काढलेलं नाही.