दुरुस्ती की नव्या खोल्या

नाना,

पेठकडच्या त्या दवाखान्यासाठी दिल्लीहून पुन्हा निधी आलाय, आणि तो दुरुस्तीचा आहे, नव्या बांधकामाचा नाही. तुमच्या जुन्या कचेरीतल्या बाईंनी आज दुपारी कागद समोर ठेवून हे पक्कं सांगितलं. केंद्र सरकारचा प्रत्येक खर्च पगार, खरेदी, अनुदान, दुरुस्ती, बांधकाम अशा वर्गांत लावण्यात तुमची अख्खी हयात गेली; आता ते काम त्या करतात.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी नवा बातमीदार, आणि तुम्ही मला शेगडीवरून हे शिकवताय. "शेगडी घेतली तर भांडवली खर्च, सिलिंडर भरला तर चालू खर्च." आईनं विचारलं, "आणि बर्नर बदलला तर?" "दुरुस्ती. त्यानं एका शेगडीच्या दोन होत नाहीत." "मग तेवढी दुरुस्ती तरी करा, महिना झाला सांगतेय," आई म्हणाली, आणि तुम्ही हसलात.

त्या दवाखान्याची पहिली बातमी मी लिहिली तेव्हा मात्र तुम्ही हसला नाहीत. तिथला एक पुढारी भाषणात बाळंतिणींसाठी नव्या खोल्या म्हणाला होता, मी तेच लिहिलं. सकाळी पेपरची घडी घालून तुम्ही एवढंच विचारलंत, "खर्च कुठल्या वर्गात टाकलाय ते पाहिलंस?" मी म्हणालो, "नाना, लोकांना बातमी हवी असते, तुमचे रकाने नकोत." त्यानंतर माझ्या बातम्यांवर तुम्ही कधी बोलला नाहीत.

खोल्या झाल्या नाहीत. भिंतींना रंग लागला. तुम्ही गेल्यावर महिन्याभरात त्या गावची एक बाई बातमीचं कात्रण घेऊन ऑफिसात आली. "भाऊ, तुमी लिव्हलं म्हणून सुनेला गावातच ठेवली. कळा लागल्यावर जीप केली, बाळ वाटंतच गेलं. ठावं असतं तर आठ दिस आधी नाशकात बहिणीकडं ठेवली असती." ती भांडली नाही. कात्रण टेबलावर ठेवलं, पाणी प्यायली आणि गेली.

हे पत्र मी कुठं टाकणार? पण एक सांगायचं राहिलंय. तुम्हाला वाटलं, मी कागद पाहिलाच नव्हता. पाहिला होता, नाना. त्यावर 'दुरुस्ती' लिहिलेलं वाचलंही होतं. नव्या खोल्यांची बातमी पहिल्या पानावर जाणार होती.

उद्याच्या अंकात 'दुरुस्ती' असंच छापून येईल. कात्रण घेऊन आलेल्या त्या बाईंना मात्र आजच फोन केला. त्यांच्या नातीचे दिवस भरत आलेत. शुक्रवारी तिला नाशकात आणताहेत.