नॉरिचजवळचं खेडं आणि आमची नोव्हेना

१० जाने., शुक्र.
इथे ओमानमध्ये घालाच्या देवळातून मिस्सा आटोपून परतताना स्टॅनीने गाडीत विषय काढला. इंग्लंड. नॉरिच नावाचं शहर, तिथली एक देखभालीची कंपनी, त्यांना त्याच्यासारखा इंजिनिअर हवाय. राहायचं मात्र जवळच्या खेड्यात, शहरात भाडी परवडत नाहीत. "ऑफर येऊ शकते. येईलच असं नाही. आपण नुसता विचार करायचा." आमच्या घराचा, अल हैलचा एक्झिट यायच्या आत नियमही सांगून टाकला. "तिघांनी ठरवायचं. एकाने जरी नाही म्हटलं तर खलास, विषय बंद."

मागे रिया खिडकीबाहेर बघत होती. पंधरा वर्षांची पोरगी, देश बदलायचं बोलणं चाललंय आणि हिला एक प्रश्न पडू नये?

माझी आय परवाच वसईला परत गेली. तिच्या खोलीत अजून बामचा वास आहे. दार लावून ठेवलंय, वास राहू दे थोडे दिवस.

१४ जाने., मंगळ.
स्टॅ.ने टीव्हीवर नकाशातून खेडं दाखवलं. रस्त्यारस्त्याने चालवत नेलं. विटांची घरं, हिरवंगार सगळं, एक पब, एक दुकान. अख्ख्या गावात माणूस एकच दिसलं, कुत्र्याला फिरवणारी बाई, तिचंही तोंड नकाशाने पुसट केलेलं. मी म्हटलं, "इथे भांडायचं कुणाशी?" तो हसला. मग हुकमाचं पान काढलं, "हे बघ तुझ्यासाठी." दगडी चर्च, उंच घंटेचा मनोरा, सातशे-आठशे वर्षांचं असेल. "दारातून निघालीस की पाच मिनिटांत देवळात."

खोटं कशाला बोलू, पाघळले. इथे सतरा वर्षं शुक्रवारी मिस्सा आणि रविवारी ऑफिस. रविवारची घंटा ऐकून चालत देवळात जायचं, एवढी एक हौस राहिलीच आहे.

१९ जाने., रवि.
स्टॅ.चंही बरोबर आहे, हे लिहून ठेवते म्हणजे मागाहून एकतर्फी वाटायला नको. त्याच्या हॉटेलात दर वर्षी एकेकाला नारळ मिळतोय. इथे नोकरी गेली की देश गेला. रियाच्या कॉलेजचं काय, आमच्या म्हातारपणाचं काय.

दुसऱ्या बाजूला आय. मागच्या वर्षी ती न्हाणीत पडली. मला दुपारी अल् खुवैरच्या ऑफिसात फोन आला आणि त्याच रात्री मी तिच्या पलंगाशी होते. नॉरिचच्या खेड्यातून बसच मिळायला दुपार जाईल. आणि ती हिवाळ्याला येते ते? सीबच्या बाजारात सुरमईसाठी ओमानी म्हाताऱ्याशी वसईच्या बोलीत घासाघीस करते, तो अरबीत उत्तर देतो, दोघंही खूश. इंग्लंडच्या थंडीत हिला मी कुठे बसवू?

२४ जाने., शुक्र.
आज नोव्हेना सुरू केली. कल्पना स्टॅ.ची! एरवी रोझरीच्या वेळी याला हटकून फोन येतो. म्हणाला, "आपल्याच्याने ठरत नाहीये, देवावर सोडू या. नऊ दिवस मागू या, मग हो की नाही." मेणबत्ती त्यानेच पेटवली. मला किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, पहिल्यांदा वाटलं की हा माझ्यासाठी थांबलाय.

२७ जाने., सोम.
ऑफिसात काम कमी होतं. त्या चर्चची वेबसाइट बघितली. आपलं नाहीच मुळी! प्रॉटेस्टंट लोकांचं आहे, तेही एक रविवार सोडून उघडतं. आपलं देऊळ नॉरिचमध्ये, आणि खेड्यातून रविवारी बस नाही. घंटा ऐकायची आम्ही आणि प्रार्थना त्यांची.

संध्याकाळी स्टॅ.ला सांगितलं. "अरे यार, चर्च तो चर्च है. गाडी घेऊ ना." इतकं पटकन म्हणाला, गाडीचा रंगसुद्धा ठरला असावा.

३० जाने., गुरु.
रोझरीनंतर प्रत्येकाने मोठ्याने आपली विनंती मागायची. स्टॅ. म्हणाला, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. रियाची पाळी आली. मग तिच्या अडखळत्या मराठीत, "जीझस, मम्माला... मम्माला हेल्प कर. तिला खूप राग नको येऊ दे." आणि रडायला लागली. मी जवळ घेतलं. मनात म्हटलं, मी हल्ली फार चिडचिड करते वाटतं. तिच्या आवडीचं कस्टर्ड केलं.

१ फेब्रु., शनि.
नोव्हेना संपली. संध्याकाळी एकटीच हैलच्या किनाऱ्यावर चालून आले. देवाने काही स्वप्नबिप्न दाखवलं नाही. पण नऊ दिवस आम्ही तिघं एका मेणबत्तीभोवती बसलो, ते मनात राहिलं. आयला फोन केला तर म्हणाली, "माझ्यासाठी अडू नकोस. मी काय, आहे तोवर आहे." तिच्या आवाजात कुरकुर शोधली, सापडली नाही.

हो म्हणणार. उद्या ऑफिसातून येताना केक घेईन आणि सांगेन. रविवारची बस नसली तर नसू दे, ज्याने नऊ दिवस रोझरी म्हटली तो मला गाडीने नेईल.

२ फेब्रु., रवि.
वसईच्या देवळातली सातची मिस्सा, इथे साडेपाच. दर रविवारी फोन ओट्यावर उभा करून डबे भरत बघते. आज मेणबत्त्यांचा सण, आवारात गर्दी होती. फादरांनी नेहमीप्रमाणे सुरुवातीला मिस्साचे हेतू वाचले. दोन मृतात्मे, एक लग्नाचा वाढदिवस. मग, "स्टॅनी, मर्सी आणि रिया यांना इंग्लंडला नोकरी व घर मिळाल्याबद्दल उपकारस्तुती, स्टॅनीच्या आईकडून."

हातात पोळी होती. तशीच धरून उभी राहिले.

नोकरी व घर. मिळाल्याबद्दल. अख्ख्या देवळाला माहीत, आणि मर्सी ओट्याशी डबे भरतेय.

स्टॅ. बाथरूममधून आला. मी व्हिडिओ मागे नेऊन परत लावला. त्याने ऐकलं. पहिलं वाक्य काय? "मम्मीला सांगितलं होतं, इतक्यात कुठे बोलू नको."

केक आणला नाही.

३ फेब्रु., सोम.
सासूबाईंना फोन. त्या बिचाऱ्या आनंदात. "ऐकलीस ना मिस्सा? फादरांनी किती छान वाचलं." मी विचारलं, आई, तुम्हाला कधी कळलं? "नाताळच्या आधी, सही केली तेव्हाच. स्टॅनी म्हणाला, मर्सी एकदम खूश आहे." मग थांबल्या. "आहेस ना गं?"

त्यांच्यावर रागावता येत नाही. आपला मुलगा खोटं कशाला बोलेल, असंच कुठल्याही आईला वाटतं. मलाही बायको म्हणून तेच वाटत होतं.

डिसेंबरात सही. घराचं डिपॉझिटसुद्धा भरलेलं. म्हणजे जे मागायला आम्ही नऊ दिवस गुडघे टेकले, ते याच्या खिशात होतं. मला फसवलंस ते फसवलंस, पण मेणबत्ती कशाला लावलीस?

५ फेब्रु., बुध.
रियाला माहीत होतं. आज स्वतःच सांगितलं. "मम्मा, डॅड म्हणाला तू पॅनिक होशील. स्लोली सांगू. मला प्रॉमिस करायला लावलं." आता तिची ती विनंती कळली. पोरीला माझ्याकडे यायचं होतं, ती देवाकडे गेली. हे मी त्याला माफ करणार नाही. बाकीचं बघू.

७ फेब्रु., शुक्र.
मनधरणी. मिस्सानंतर गाडी घराकडे न नेता रुस्ताकला, गरम झऱ्यावर. रिया पाण्यात पाय सोडून बसली. मी गाडीतून उतरलेच नाही. स्टॅ. माझ्या हातात चहा देऊन खिडकीशी उभा राहिला.

"मार्चअखेर जायचं आहे, मर्सी. तुला नोटीस द्यावी लागेल ऑफिसात."

मी म्हटलं, "त्या शनिवारी मी हो म्हणायचं ठरवलं होतं. रविवारी सांगणार होते."

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

अठरा वर्षं या माणसाच्या शर्टाला इस्त्री केली. त्याला खरंच कळत नव्हतं. मी काच वर केली. चहा तसाच गार झाला. परतीच्या वाटेवर रियाने एकदा विचारलं, एसी कमी करू का.

१२ फेब्रु., बुध.
अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने, आज सहज विचारलं, पुढच्या वर्षी आहेस ना? मी "इन्शाल्ला" म्हटलं. या शब्दाची सोय सतरा वर्षांत आज कळली.

आयला सगळं सांगितलं. मी म्हटलं, आय, रविवारच्या मिस्साला माझ्यासाठी एक हेतू दे.

"काय सांगू फादरांना?"

"सांग, मर्सीचं अजून ठरलेलं नाही, तिला प्रकाश मिळावा."

"अगं, असं मिस्सात वाचतात होय? तुझी सासू पहिल्या बाकावर असते."

"म्हणूनच."

आय हसली. मग म्हणाली, "बघते मी माझ्या पद्धतीने."

१६ फेब्रु., रवि.
साडेपाच. फोन ओट्यावर. स्टॅ. हल्ली या वेळेला स्वयंपाकघरात येत नाही, पण आज मी हाक मारली. चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला. सासूबाई पहिल्या बाकावर, निळी साडी.

फादरांनी हेतू वाचले. शेवटी, "स्टॅनी आणि मर्सी यांना एकमेकांशी खरं बोलता यावं म्हणून, मर्सीच्या आईकडून."

आयने माझं वाक्य बदललं. मला फक्त त्याला उघडं पाडायचं होतं. तिने मलाही त्याच्या शेजारी उभं केलं.

सासूबाईंनी मान खाली घातली. कॅमेऱ्यात दिसलं.

स्टॅ.ने कप ठेवला. अख्खी मिस्सा ओट्याला टेकून उभा होता. प्रभुभोजनाच्या वेळी म्हणाला, "तू नाही म्हणशील याची भीती नव्हती. तू नाही म्हटलीस तरी मी जाईन, याची होती. म्हणून विचारलंच नाही."

पहिलं खरं वाक्य. त्यासाठी डिसेंबरपासून थांबायला लागलं, आणि ते इतकं वाईट निघालं.

"आता विचार," मी म्हटलं.

त्याने विचारलं. नीट, माझ्याकडे बघत. येशील का म्हणून.

नोटीस द्यायची तर या महिनाअखेर. मी डबे बंद केले. त्याचा, रियाचा, माझा. म्हटलं, नऊ दिवस दे. मेणबत्ती मी एकटीच लावेन.