नवरदेवाच्या खुर्चीची सायकल

आदरणीय मामीले,

बालाघाटहून पियुषचा मनापासून जयभीम. इकडे आमी सारे बरे आहोत, तुमच्या गुडघ्याचं कसं काय ते कळवा. मामाजीले जयभीम, बकऱ्यायलेही. फोनच करणार होतो, पण मामाजी फोन स्पीकरवर ठेवतेत अन् अर्धा हट्टा गाव मधातच 'हौ, हौ' करते, म्हणून कागद धरला.

कॉलेज सोडल्याचं तुमाले कळलंच असंल. हजेरीवरून सरांनी साऱ्यांसमोर टोमणा मारला, माझं डोकं सणकलं, तिथंच वही फाडली (कोरीच होती). मान कापली तरी त्या फाटकात पाय ठेवणार नाही, असं आईले सांगून टाकलं. पण मी रिकामा नाही बसलो, मामी. चॉपर सायकल बनवली! समोरचं चाक हातभर समोर पळालेलं, हँडल बैलाच्या शिंगावानी उंच, अन् चालवणारा मांग रेलून, साहेबावानी. कोर्टामांगच्या गल्लीत नूतन राहते (नर्सिंग शिकते, बाकी काय सांगू), तिनं एकदा तरी थांबून पाहावं, एवढाच हेतू.

कबाड्याकडून दोन जुन्या सायकलींचे समोरचं चाक धरणारे चिमटे आणले, अन् लांबी वाढावी म्हणून शालिकराम वेल्डरकडून एकाले एक जोडून घेतले. तो माणूस जन्मभर फाटकं बनवत आला. सवयीनं त्यानं हँडलच्या दोन्ही टोकांले फाटकाचे भाले लावून देल्ले. मी भांडलो, त म्हणते, "राहू दे ना बे, चोर चढणार नाही." (एक कापला, दुसरा अजून आहे.) सीटसाठी टेंटवाल्यानं फेकलेली नवरदेवाची खुर्ची भेटली, लाल मखमलीची, सोनेरी काठाची. बूड अन् पाठ दोन्ही सायकलीवर चढवले. काय शान दिसते म्हणून सांगू!

फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. एवढ्या लांब चिमट्याची सायकल वळत नाही. नूतनची गल्ली अरुंद, अन् शेवटी तिचंच घर. म्हणजे गेलो तर ऐटीत, पण परत याचं त उतरून सायकल उचलून फिरवा लागे, तेही तिचे बाबा चंद्रशेखरकाका दारात उभे असताना. पहिल्यांदा त्यायनं नुसतं पाह्यलं. मंग एक दिवस स्वतःच मागचं चाक उचललं अन् म्हणाले, "बाबू, घरी जाले एवढी मेहनत लागते, त येतो काहून?" मी समोरचं चाक उचललं. चाक जड होतं.

तेवढ्यात नूतन बाहेर आली. सायकलीभोवती एक चक्कर मारली, मखमलीले हात लावला अन् म्हणाली, "नवरदेवाची खुर्ची त लावली. नवरी कुठं बसन?"

मामी, माझं डोकं! मले वाटलं, माह्या कारागिरीची टिंगल करते. मी म्हटलं, "नवरीले पाय नाहीत का?" तिनं दार लावून घेतलं. काकाजीनं चाक खाली सोडलं, ते माह्या पायावर.

लंगडत घरी आलो अन् आईले सांगितलं. आईनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली अन् उलथणंच उगारलं, "येड्या, पोरीनं जागा मागतली!" त्या भाकरीचा कोळसा झाला, मामी, पण मले समजलं. तसाच लंगडत परत गेलो, सायकल न घेता. नूतननं खिडकीतूनच विचारलं, "आज पाय आहेत वाटते?" अन् हासली. सध्या जगात मले कोणाशीच भांडावं वाटत नाही, शालिकरामशीही नाही.

मामाजीले गुडघा चोळून द्याले सांगा.

तुमचा,
पियुष

ता.क. : मामाजीच्या जुन्या लुनाची मागची सीट गोठ्यात पडली आहे, त्यावर काळी बकरी बसते. तिले उठवून सीट द्या.

ता.क. दुसरं : सीट बसनं पाठवू नका. तुमी अन् मामाजी स्वतः घेऊन या. लुगडं चांगलं नेसून या, अन् सरळ काकाजीच्याच घरी उतरा. सायकल वळवाले माणसं लागतेत, अन् मागणी घालाले मामा-मामी.

ता.क. तिसरं : काकाजीची एकच अट होती. कॉलेजात परत नाव टाकलं. मान शाबूत आहे.