भिंतींआधी दार

मी, मीरसाहिब जान, वल्द कमाल जान, वझीर टोळीतला, पूर्वी राहणार तोरवाम, सध्या बन्नूत भाड्याच्या खोलीत, शुद्धीवर असताना हे लिहून ठेवतो. छातीत पाणी झाले आहे. डोके शाबूत आहे.

जमिनीचे हिस्से शरियतीप्रमाणे पडतील. त्यात मी बोलत नाही.

घर नाही. डोंगरातल्या तालिबांना जेवू घातले म्हणून सैनिकांनी ते सुरुंगाने उडवले. अधिकारी म्हणाला, "चाचा, भाकरी का दिलीत?" मी म्हणालो, "दारात येईल त्याला देतो, साहेब. तुम्हीही दारातच आहात. बसा." तो बसला नाही.

थोरल्या मुलाला, नेकदारला, सैनिकांनी नेले आणि सोडले. जिवंत सुटला, म्हणजे खबऱ्या असणार, असे तालिबांनी ठरवले आणि ओढ्याकाठी त्याला गोळी घातली. भाकरी एकच होती.

सैनिकांच्या चौकीवर आमचे नाव सांगणारा माझा चुलतभाऊ शेरमत. भांडण बांधावरच्या अक्रोडाचे. ते झाड त्याला दिले. खावेत अक्रोड.

धाकटा रहीदाद म्हणतो, "बाबा, बंदूक आणि सूड माझ्या नावावर करा." इतक्यात नाही. गुन्हेगार मेंढा घेऊन दारात आला तर त्याला माफ करावे लागते, हा आमचा रिवाज. शेरमत गावभर सांगतो, "गेलो असतो रे, पण म्हाताऱ्याला दारच कुठे उरलंय?" तेवढे त्याचे खरे आहे. ही खोली भाड्याची, हे दार मालकाचे.

जुने दार मी ढिगाऱ्यातून काढून आणले. ते माझ्या खाटेखाली आहे. भिंतींच्या आधी ते तोरवामला उभे करावे. रहीदादची आई हसते. "भिंती नाहीत अन् दार! कोण येणार त्यातून, शेळ्या?"

पहिल्या बर्फापर्यंत ते उघडे ठेवावे. तोवर बंदूक रहीदादच्या आईच्या पेटीत. शेरमत मेंढा घेऊन आला, तर रहीदादने त्याला हाताला धरून आत घ्यावे. मी माफ केलेले नाही, रिवाज करील. बर्फ पडेपर्यंत आला नाही, तर पेटीची किल्ली रहीदादला द्यावी.

ठिकाण बन्नू. ९ सप्टेंबर २०१७.

सही: मीरसाहिब जान

साक्षीदार: मौलवी इनझर गुल, शेजारी.

साक्षीदार: शेरमत खान, चुलतभाऊ. आजाऱ्याला भेटायला संत्री घेऊन आला होता. सर्व मजकूर दोनदा वाचून दाखवल्यावर अंगठा दिला.