स्वयंपाकघरातली अर्थिंगची तार

अण्णा, आज स्वयंपाकघराचं वायरिंग बदलायला वायरमन आला होता. त्या निमित्तानं आई सहज जे बोलून गेली, त्यानं मी अजून हादरलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता जाब तरी कुणाला विचारायचा?

राजाजीनगरचं घर बांधलं तेव्हा मी शाळेत होते. कारखान्यात विजेची कामं तपासणारे तुम्ही, तेव्हा घरातही नियम म्हणजे नियम. गळती वीज जमिनीत जावी म्हणून परसात कोळसा आणि मीठ भरून अर्थिंगचा खड्डा करून घेतलात, खोल्याखोल्यांतून तार तिथं आणवलीत. शेजाऱ्यांनी ही तार टाळली तर त्यांना चारचौघांत फैलावर घेतलंत. फक्त आमच्या स्वयंपाकघरात वायरमन गेला नाही. आत सोवळं असतं, तिथली तार मी स्वतः जोडतो, असं तुम्ही त्याला सांगितलंत. मग कनेक्शन देण्याआधी वीजखात्याचे साहेब तपासायला येतात. मी तुमचा हात धरून उभी आहे. ते एकेका प्लगला यंत्र लावून बघतात, स्वयंपाकघराच्या दाराशी थबकतात, आणि तुम्ही हसून म्हणता, "आतलं सगळं सरी आहे, सर, अगदी ठीक. मीच केलंय." तुमच्या शब्दावर ते सही करून गेले. तार मात्र बोर्डामागे तशीच लोंबत राहिली. आज करू, उद्या करू म्हणत तुमच्याकडून ते राहूनच गेलं.

पुढे विजेची शेगडी आली. एका सकाळी ओलेत्यानं, ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या आईचा हात शेगडीच्या कडेला लागला आणि सुटेचना. तिच्या तोंडून आवाजही फुटला नाही, नुसतं वरचं पातेलं थडथडत होतं. मी ओरडले. तुम्ही व्हरांड्यात बूट घालत होतात. मेन स्विच ओढून एका पायातल्या बुटासकट आत धावलात. आई वाचली, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात, हिच्या सोवळ्यापायी झालं. आई भिंतीकडे तोंड करून ऐकत पडलेली असायची. मीही तेच खरं धरून चालले.

आज मी तिला चिडवलं, आता वायरमन आत आलेला चालतो वाटतं? ती शांतपणे म्हणाली, "मला तेव्हाही चालत होतं. मी त्याला ये म्हटलेलं. ह्यांनीच त्याची जात विचारली आणि उंबऱ्यावर थांबवलं."

अण्णा, कारखान्यात तुम्ही सगळ्यांबरोबर एका टेबलावर डबा खाता, म्हणून मी मैत्रिणींत केवढी मिरवायची. इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं आईला विचारलं, तर म्हणाली, "कुणाला सांगायचं? माझ्या उशाशी बसून रडत होते गं ते." तुम्ही रडलात, आणि तरी दोष तिच्याच माथी ठेवलात. तिनं तो आयुष्यभर वागवला, त्याच बोटांनी तुम्हाला वाढलं.

वायरमन मघाशीच गेला. सगळे प्लग तपासून दाखवले, आता सरी आहे अक्का, म्हणाला. माझा संताप उतरलेला नाही, आणि उतरावा असंही वाटत नाही. पण तो गेल्यावर मिक्सर लावायला माझा हात धजेना. एकदा अण्णांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.