अंतर सात हजार दोनशे किलोमीटर

प्रिय अण्णा,

सत्यशीलाताईच्या लग्नाला मी आले नाही, त्याला आज बावीस दिवस झाले. तेव्हापासून तुम्ही माझा फोन घेत नाही. म्हणून कागदावर लिहिते; पत्र वाजत नाही, त्यामुळे बंदही करता येत नाही.

परवा शहादेवकाकांचा फोन आला. म्हणाले, "आरोहे, लंडन पुण्याच्या अलीकडं हाय म्हणत्यात अण्णा. साऱ्या सिरसाळ्याला सांगितलंय. मंग कावून आली न्हाईस गं? इमान पंक्चर झालतं का?" मला आधी काही कळलंच नाही. मग आईने सांगितलं, की माझ्या जुन्या तिकिटाची झेरॉक्स तुमच्या खिशात असते. मुंबईहून दुपारी दोनला सुटतं, लंडनला संध्याकाळी साडेसहाला पोचतं. साडेचार तास! पुण्याला एसटीने आठ लागतात.

एकतीस वर्षं तुम्ही वडवणी स्टँडवर कंट्रोलर होतात. पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली, की ड्रायव्हरची कुठलीच सबब चालायची नाही. पण वडवणी आणि अंबाजोगाईची घड्याळं सारखी चालतात, अण्णा. लंडनचं उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. तिकिटावर प्रत्येक गावाची आपापली वेळ छापतात. खरा प्रवास नऊ तासांचा, अंतर सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर. परतीचं तिकीट पाहून तुम्ही म्हणालात म्हणे, "जाताना साडेचार, येताना साडेतेरा! घरी यायचं म्हटलं की इमान बी पाय ओढतंय." शिवाय पायलट मधे ढाब्यावर थांबत असणार, असाही शेरा मारलात. थांबत नाही. खाली समुद्र असतो.

सुट्टी दोन दिवसांची होती. माझ्या खोलीपासून आपल्या दारापर्यंत, विमानतळावरचा वेळ आणि मुंबईहून गाडीचे अकरा तास धरून, साडेपंचवीस तास होतात. मी पोचले असते तेव्हा मांडववाले खुर्च्या मोजत असते, आणि उंबऱ्यातूनच मला मागे फिरावं लागलं असतं. हा हिशेब मी लग्नाआधी तीनदा केला होता. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. चौथ्यांदा केला नाही, कारण तो चुकावा असं मला वाटायला लागलं होतं.

आता मुख्य गोष्ट. पुलांची कंपनं मोजायची माझी नोकरी इथे कायम झाली. मंगळवारी सही केली. आईला अजून सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र. राग येईल. यावाच. फक्त मी साडेचार तासांवर असून येत नाही, असं समजून रागावू नका; नऊ तासांचा जेवढा होतो तेवढाच धरा. पत्राला दहा-बारा दिवस लागतील. एकवीस तारखेच्या रविवारी, तुमच्या घड्याळात दुपारी बाराला, मी फोन करीन. आईने उचलला तर काही न बोलता ठेवीन, आणि तुम्ही उचलेपर्यंत करत राहीन.

तुमचीच,
आरोही